शिकवून आणलेला कोरा हात

या अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त झालेली असतात. मागच्या वर्षीचा अंक मी आमच्या कॉलेजच्या वाचनालयात वाचला, त्यात एका परिचारिकाबाईंचा लेख होता. त्यांचं अख्खं आयुष्य सरकारी दवाखान्यात गेलं होतं. माझं वय एकवीस. माझी नोकरी सगळी मिळून अडीच वर्षांची, तीही सकाळचं कॉलेज आटोपल्यावर अर्धा दिवस. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, म्हणून लिहिण्याची सवयही परीक्षेपुरतीच. अशा मोठ्या माणसांच्या पंगतीत येऊन बसतो आहे, तेव्हा आधीच क्षमा मागतो. आमच्या मराठीच्या मॅडमनी दोनदा सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा हो म्हटलं, कारण या नोकरीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती ज्यांना सांगायला हवी होती त्यांना सांगून झाली आहे, तरी ती संपल्यासारखी वाटत नाही.

आधी काम काय होतं ते सांगतो, कारण ते आमच्या घरीही अजून कोणाला नीट कळलेलं नाही. आई पाहुण्यांना सांगायची, ‘पोरगा गेम खेळायच्या नोकरीवर आहे.’ पाहुणे माझ्याकडे असे पाहायचे की मी चहाचे कप गोळा करून आत जायचो.

नागपूरला मनीषनगरात एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली घरमालक राहत. वर आम्ही अकराजण. आम्ही नवीन गेम बनवत नव्हतो. दुसऱ्यांनी बनवलेले गेम एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेऊन द्यायचो. संगणकावरचा गेम टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर, किंवा कन्सोलवरचा संगणकावर. याला पोर्टिंग म्हणतात. ऐकायला सामान हलवण्यासारखं वाटतं. पण सामान हलवताना घरातल्या माणसाचे हात बदलत नाहीत, इथे बदलतात.

संगणकावर खेळणारा माणूस माउस धरतो. माउस म्हणजे पाटीवरचं बोट. जिथे हवं तिथे नेलं, टेकवलं, झालं. कन्सोलवर दोन्ही हातांत कंट्रोलर असतो, म्हणजे मोटारसायकलचं हँडल धरल्यासारखं. दोन अंगठ्यांखाली दोन छोट्या स्टिक, मागे बोटांखाली बंदुकीच्या घोड्यासारख्या दोन कळा, त्यांना ट्रिगर म्हणतात, आणि उजवीकडे चार बटणं. आता पाटीवर बोटाने जी रांगोळी सहज निघते ती हँडल वळवून काढायची म्हटली तर कशी निघेल? म्हणून गेम नेताना सगळी हालचाल नव्याने विचार करून बसवावी लागते. त्याला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईकाला वेळ नसतो. मग बहुतेक ठिकाणी काय करतात, तर माउसचा बाण तसाच ठेवतात आणि तो स्टिकने हलवायला लावतात. गेम चालतो. पण खेळणाऱ्याचा अंगठा दुखतो, बाण हव्या जागेच्या पुढे निघून जातो, आणि अर्ध्या तासात माणूस वैतागून टीव्ही बंद करतो.

उलट्या दिशेनेही तेच. आमच्याकडे कन्सोलवरचा गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम संगणकावर न्यायला आला होता. कन्सोलच्या ट्रिगरला जेवढं दाबाल तेवढाच वेग मिळतो, स्कूटरच्या ॲक्सिलरेटरसारखा. कीबोर्डच्या बटणाला अर्धवट दाबणं माहीतच नाही. म्हणून ती गाडी एकतर उभी राहायची नाहीतर सुसाट सुटायची. पडद्यावर सूचना यायची, ‘एक्स दाबा’. ती कंट्रोलरवरच्या एक्सची होती. लोक कीबोर्डवरचा एक्स दाबायचे, आणि तिथे आम्ही रिव्हर्स बसवला होता. शर्यतीत पहिली असलेली गाडी वळणावर उलटी पळत सुटे. मी हे तक्त्यात लिहिलं. गेमच्या मालकाने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, ‘आमचे खेळाडू समजूतदार आहेत, शिकतील.’ आमचे टीम लीड प्रशांत सर कॉल संपल्यावर म्हणाले, “समजूतदार असते तर हा गेम घेतला असता का रे?” सगळे हसले. तो गेम तसाच बाहेर गेला.

माझं पद टेस्टर. रोज तोच गेम खेळायचा आणि चुका तक्त्यात भरायच्या. गेम बंद पडला, चित्र अडकलं, आवाज गेला, सगळ्याला रकाने होते. हाताला बरं वाटत नाही, याला रकाना नव्हता. आणि त्याहून मोठी अडचण ही की टेस्टरच्या हाताला काही दिवसांनी सगळंच बरं वाटायला लागतं. वाईटात वाईट रचनाही महिनाभर खेळली की बोटं आपोआप तिच्याशी जुळवून घेतात, चावणाऱ्या चपलेशी पाय जुळवून घेतो तशी. मग ती वाईट आहे हेच कळेनासं होतं.

यावर प्रशांत सरांनी एक रीत ठेवली होती. तिला ते ‘कोरे हात’ म्हणत. गेम बाहेर जाण्याआधी पाच अशी माणसं बोलवायची ज्यांनी तो गेम कधी पाहिलेला नाही. एका माणसाचे हात एका गेमसाठी एकदाच कोरे. त्यांना खुर्चीवर बसवायचं, कंट्रोलर द्यायचा आणि काहीही सांगायचं नाही. फक्त हातांवर रोखलेला कॅमेरा असायचा, चेहरा यायचा नाही. मागे टेस्टरने बसायचं, पण आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून, कारण माणसाला बोट दाखवायचा मोह होतोच. पाचांपैकी तिघांनी कोणालाही न विचारता पहिला टप्पा पार केला तर रचना पास.

कोरे हात शोधून आणायचं काम माझ्याकडे होतं. खालच्या घरमालकीण काकू दोनदा येऊन गेल्या होत्या आणि येताना चकल्या घेऊन यायच्या. चौकातले इस्त्रीवाले शंभूभाऊ यायचे, कॉलनीतले एक निवृत्त पोस्टमास्तर यायचे. ते कंट्रोलर उलटा धरून विचारायचे, “याचं तोंड कुठं आहे?” मी मागे हात दाबून गप्प.

आमच्याकडे आलेल्या सगळ्या गेममध्ये मला मनापासून आवडलेला एकच. त्याचं नाव ‘ओलीत’, म्हणजे शेताला पाणी देणं. तो वृषालीताईंचा.

वृषालीताई धरमपेठेत राहतात. दिवसा एका कंपनीत नोकरी करून त्यांनी चार वर्षं एकटीने तो गेम संगणकासाठी बनवला होता. एक विहीर, उतरती जमीन आणि संत्र्याची झाडं. विहिरीपासून झाडाच्या आळ्यापर्यंत माउसने रेघ ओढायची, की त्या रेघेचा दांड होतो आणि त्यातून पाणी खेळत जातं. ऊन वाढतं, माती पाणी पिते, एका झाडाला जास्त गेलं तर दुसरं सुकतं. कोणाला मारायचं नाही, कुठे पळायचं नाही. माझं सगळं बालपण दांडात पाय बुडवून गेलेलं. नागपुरात कोणीतरी घरात बसून ते पाणी इतकं खरं बनवलं आहे हे पाहून मी थक्क झालो. वृषालीताई पहिल्यांदा ऑफिसात आल्या तेव्हा मी त्यांना एवढंच म्हणू शकलो, “मॅडम, पाणी अगदी आमच्याकडच्यासारखं जातं.” त्या म्हणाल्या, “मॅडम नको रे, ताई म्हण. आणि कुठे चुकत असेल तर तेही सांग.”

बाहेरदेशीच्या एका कंपनीने तो गेम कन्सोलवर आणायचा करार केला होता आणि नेऊन देण्याचं काम आमच्याकडे आलं. तारीख जवळची होती. आम्ही नेहमीचंच केलं. डाव्या स्टिकने बाण हलवायचा, उजवा ट्रिगर दाबून धरायचा आणि दांड ओढत न्यायचा. मध्येच बोट सैल झालं की दांड तुटायचा. वळणावर बाण पुढे निसटायचा आणि पाणी भलत्याच वाफ्यात शिरायचं. माउसवर जे काम श्वास सोडण्याइतकं हलकं होतं ते इथे पोतं उचलल्यासारखं झालं.

वृषालीताईंनी हे पहिल्या दिवशीच ओळखलं. त्या म्हणाल्या, “प्रशांत, हाताला ओझं होतंय. मला ही रचना पुन्हा विचार करून बघायची आहे. तारीख पुढे ढकलायचं मी त्या लोकांशी बोलते.”

प्रशांत सर म्हणाले, “ताई, तुम्ही माउसवर चार वर्षं घालवलीत, तुम्हाला ओझं वाटणारच. कोरे हात ठरवतील ना. पाचांत तीन झाले नाहीत तर मीच तुमच्यासोबत तारीख मागतो.”

असं ठरलं. पहिले चार कोरे हात मी आणले. दोघांनी कसाबसा टप्पा पार केला. दोघांना जमलं नाही. न जमलेल्यांत शंभूभाऊ होते. इस्त्रीच्या जड हाताने त्यांनी ट्रिगर असा आवळला की कंट्रोलर करकरला. पाणी सगळं रस्त्यावर गेलं. शेजारच्या खोलीत दोन नवीन मुलं पडद्यावर त्यांचे हात पाहत होती. ती हसत होती. ‘अबे, म्हैस बांधून राहिला का हा?’ असं एकजण म्हणाला. त्या वेळी मागे दुसरा टेस्टर बसला होता आणि मी तिथे डबा आणायला गेलो होतो. मीही हसलो. हे लिहायला मला जड जातं, पण मी हसलो होतो.

आता उरला पाचवा. दोन पास, दोन नापास, म्हणजे सगळं त्या पाचव्यावर आलं होतं. नेमके त्या आठवड्यात माझे देवरावमामा नागपुरात यायचे होते. मामा आमच्या गावाकडे नरखेड तालुक्यात विहिरीच्या मोटारी दुरुस्त करतात. जळालेली मोटार उघडून तिची तार नव्याने गुंडाळणं, म्हणजे वायंडिंग, हे त्यांचं खरं काम. तांब्याची तार घ्यायला ते दोन-तीन महिन्यांनी शहरात येतात आणि माझ्या खोलीवर उतरतात. त्यांनी आयुष्यात कंट्रोलर पाहिलेला नव्हता. याहून कोरा हात कुठे मिळणार? मी सरांना त्यांचं नाव सांगून टाकलं.

सांगून झाल्यावर मला शंभूभाऊंचे हात आठवले आणि ते हसणं आठवलं. मामांची बोटं तेलाने काळी असतात, नखांत वार्निश असतं. कॅमेऱ्यात चेहरा येत नाही, हातच येतात. तेच दोघे शेजारच्या खोलीत बसणार, आणि नंतर त्यांना कळणार की हे माझे मामा.

मामा सकाळच्या एसटीने आले. दुपारी ऑफिसात जायचं होतं. एक टेस्ट कंट्रोलर माझ्या खोलीवर होता, लॅपटॉपवर गेमही होता. मी मामांना म्हटलं, “मामाजी, जाण्याआधी जरा हातात धरून पाहून घ्या.”

मामांनी तो उलटसुलट करून पाहिला. “वजनाले हलका हाये. आत मोटार हाये काय?”

“आहे. छोटी आहे, थरथरते.”

“मंग जळत असन कधीमधी.”

मी गेम लावला. विहीर, उतार, पलीकडे तीन झाडं. मामांनी पडदा नीट निरखला. बाण विहिरीच्या काठापाशी होता. त्यांनी एक बटण एकदाच दाबलं, कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि हाताची घडी घालून पाहत बसले.

“मामाजी, काय करून राहिले?”

“बांध फोडला ना. आता जाईन पाणी.” थोडा वेळ वाट पाहून त्यांनी विचारलं, “काहून नाही चालून राहिलं गा?”

“तसं नाही. हे मागचं बटण दाबून धरा लागते. अन् ही काडी झाडापर्यंत न्या लागते.”

“पूर्ण वाट?”

“हो.”

“म्हणजे पाण्याले हात धरून नेऊ काय? पाणी का नवी नवरी हाये?” मामा हसले. “अरे, आपण बांध फोडतो अन् बाजूले होतो. उतार कुठं हाये ते पाण्याले ठाऊक असते. थे आपल्या मतानं जाते. आपण फावडं घेऊन फक्त पुढच्या वळणावर उभं राहतो.”

मी म्हटलं, “खरं आहे मामाजी, पण इथं तसं नाही. तुम्ही ते विसरा. मी सांगतो तसं करा.”

मामा ते विसरले. मामांची बोटं म्हणजे काय सांगू, केसासारखी तार वेढ्यावर वेढा मोजून बसवणारी. दीड तासात ते माझ्यापेक्षा सफाईने दांड ओढू लागले. वळणाआधी अंगठा किती सैल करायचा हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते सुधारून मला परत दाखवलं. निघताना मी बजावलं, “तिथं विचारलं तर पहिल्यांदाच धरतो म्हणा.” मामा थबकले. “खोटं बोलायचं?” मी म्हटलं, “मामाजी, माझ्या ऑफिसातल्या इज्जतीचा प्रश्न आहे. तेवढं करा.” त्यांनी पायात चपला घातल्या.

ऑफिसात त्यांना कोणी काही विचारलंच नाही. प्रशांत सरांनी नमस्कार केला, पाणी दिलं आणि बसवलं. मी मागे हात मांडीखाली घेऊन बसलो. वृषालीताई त्या दिवशी आल्या होत्या, शेजारच्या खोलीत पडद्यासमोर. मामांनी ट्रिगर धरला आणि विहिरीपासून पहिल्या झाडापर्यंत एका दमात दांड नेला. वळणावर अंगठा सैल, मग पुन्हा ताण. तिन्ही आळी भरली. त्यांनी एकदाही खाली कंट्रोलरकडे पाहिलं नाही. शेजारच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला नाही. मला तेवढंच हवं होतं, आणि तेवढ्याने मला इतकं बरं वाटलं की बाकी काही दिसलंच नाही.

प्रशांत सर बाहेर आले. “काका, कमाल केली तुम्ही. ताई, बघा, गावातून आलेला माणूस, कधी हातात धरलं नाही, आणि पहिल्या झटक्यात. आता बोला.”

वृषालीताई दारात उभ्या होत्या. त्या मामांच्या हातांकडे पाहत होत्या. तसंच पाहत म्हणाल्या, “मग माझंच चुकत असेल. चार वर्षं एकाच गोष्टीकडे बघून माझे हात बिघडले असतील. राहू दे तीच तारीख.”

मी मागच्या खुर्चीवर होतो. माझे हात अजून मांडीखालीच होते. त्या क्षणी एक वाक्य बोलायचं होतं. मामा समोर उभे होते, खुशीत होते, आणि सर त्यांना चहा घ्या म्हणत होते. मी बोललो नाही.

‘ओलीत’ कन्सोलवर ठरल्या तारखेला आला. कन्सोलच्या ऑनलाइन दुकानात त्याच्या पानाखाली लोकांनी काय लिहिलं ते मी पाठ केल्यासारखं मला आठवतं. चित्रं सुंदर, आवाज सुंदर, पण अंगठ्याला ही शिक्षा कशाची? पाण्याचा गेम आहे की दगड ओढायचा? कोणीतरी लिहिलं होतं की आजारी वडिलांसाठी घेतला होता, त्यांना तो धरवला नाही. एकाने लिहिलं, बनवणाऱ्याने स्वतः कधी कंट्रोलर हातात धरला आहे का? हे वृषालीताईंना उद्देशून होतं. त्या हे सगळं वाचत होत्या, कारण काहींना खाली त्यांनी क्षमा मागून उत्तर दिलेलं मी पाहिलं. त्या क्षमा मागत होत्या आणि चूक कोणाची हे मला माहीत होतं.

गावाकडे मामा मात्र सांगत फिरत होते. मोटार दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं असणार, “नागपूरच्या कंपनीत पास झालो मी, पहिल्या फटक्यात.” आईने हे फोनवर मला कौतुकाने सांगितलं.

एवढ्यानंतर मी प्रशांत सरांना खरं सांगितलं. ते तक्ता भरत होते. ऐकून त्यांनी खुर्ची मागे घेतली. “आता कशाला सांगतोस बाबा? ती शीट बंद झाली.” मग हळू आवाजात म्हणाले, “मला दिसलं नव्हतं असं नाही. नवा माणूस आधी हातातल्या वस्तूकडे बघतो. तुझ्या मामांनी एकदाही खाली बघितलं नाही. पण मला तिसरा पाहिजे होता.” त्यांना तिसरा पाहिजे होता आणि मी आणून दिला. हे ऐकून माझं ओझं अर्धं व्हायला हवं होतं. तसं झालं नाही.

मग एका रविवारी मी धरमपेठेत वृषालीताईंच्या घरी गेलो. खाली दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्या वेळी त्यांनीच वरून पाहिलं. “अरे, ये ना. काय, पत्ता सापडत नाही का?”

मी सगळं सांगितलं. त्या रागावतील, जा म्हणतील, याची मी तयारी केली होती. त्यांनी ऐकून घेतलं. मग एकच गोष्ट विचारली. “तू शिकवायच्या आधी, अगदी सुरुवातीला, त्यांनी काय केलं होतं?”

“काही नाही ताई. एक बटण दाबलं आणि कंट्रोलर खाली ठेवून पाहत बसले.”

“का?”

मी मामा काय म्हणाले ते सांगितलं. बांध फोडायचा आणि बाजूला व्हायचं. पाण्याला उतार माहीत असतो. आपण फक्त पुढच्या वळणावर उभं राहायचं.

वृषालीताईंनी हातातला कप टेबलावर ठेवला. त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं, मामांच्या शब्दांत. मग म्हणाल्या, “म्हणजे ओढायचंच नाही. एका बटणाने बांध उघडायचा, पाणी आपलं आपण उताराने जाईल, आणि स्टिकने फक्त वळणाची जागा निवडायची.” त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. “मी माउससाठी रेघ काढली होती. मग सगळ्यांनी ती रेघच धरून ठेवली. मीसुद्धा.”  शेवटी त्या म्हणाल्या, “अरे, हे त्या दिवशी तुझ्या खोलीत होतं.”

त्या आवाज चढवून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिकवणं चूक होतं, हे मला आधीच कळलं होतं. माझी खरी चूक मला त्या दिवशी कळली. ज्यासाठी आम्ही पाच-पाच माणसं बोलावून, हात मांडीखाली दाबून गप्प बसायचो, ते उत्तर एका कोऱ्या हाताने पहिल्या पाच मिनिटांत दिलं होतं, आणि मी त्याला ते विसरायला सांगितलं होतं.

मामांनाही सांगणं भाग होतं. दिवाळीआधी गावी गेलो तेव्हा ते दुकानात मोटारीचं वायंडिंग करत होते. मी स्टुलावर बसून सांगितलं, अगदी शंभूभाऊंपासून.

मामा तार गुंडाळत राहिले. “मंग मी पास नाही झालो म्हण ना.”

“तुम्ही आधीच पास झालते मामाजी. पहिल्या बटणात. मीच नापास केलं.”

“थे सोड.” त्यांनी तार थांबवली. “तुले वाटलं, मी तुह्या ऑफिसात हसं करीन आपलं. माहं नाही, आपलं.”

 खरं होतं ते.

“माहे हात काळे हायेत गजू. मले ठाऊक हाये.” एवढं म्हणून त्यांनी पुन्हा वेढे मोजायला घेतले. पस्तीस, छत्तीस, सदतीस. मी बसून राहिलो. निघताना त्यांनी विचारलं, “थ्या बाई दुरुस्त करून राहिल्या काय मंग?”

वृषालीताई दुरुस्त करत होत्या. नोकरी सांभाळून त्यांनी एकटीने नवी रचना बसवली. मी मदतीला येऊ का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “तुझे हात आता कामाचे नाहीत बाबा, आणि माझेही नाहीत.” त्यांनी त्यांच्या इमारतीतली पाच माणसं बसवली. पाचही जणांना जमलं, आणि एका आजींनी उठायलाच नकार दिला, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं. तेव्हा त्या हसत होत्या. तो दुरुस्त गेम त्यांनी त्या बाहेरदेशीच्या कंपनीकडे पाठवला. कन्सोलवर काहीही बदलायचं तर ते त्या कंपनीच्याच हातून होतं. दरम्यान आमचं मनीषनगरचं ऑफिस बंद झालं. प्रशांत सर हैदराबादला गेले. मी परीक्षा दिल्या. कंपनीचं उत्तर येत नव्हतं. मामा दर फोनला विचारत, आणि मी ‘अजून नाही’ म्हणत असे.

गेल्या महिन्यात बर्डीवर बसची वाट पाहत उभा असताना वृषालीताईंचा निरोप आला. त्यांनी कंपनीचं पत्र जसंच्या तसं पुढे पाठवलं होतं, आणि वर लिहिलं होतं, ‘तुला कळायला हवं म्हणून.’ पत्र चार ओळींचं होतं. कराराची मुदत संपत असल्याने ‘ओलीत’ हा गेम कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातून या महिन्याअखेर काढण्यात येत आहे. त्यामुळे पाठवलेली दुरुस्ती स्वीकारता येणार नाही. ज्यांनी तो आधीच घेतला आहे, त्यांच्याकडे तो आज आहे तसाच कायम राहील.